आधी तो पिवळा फडका फेका, मग कोटिंगचं बोलू

सकाळी सातला इंदूरच्या सुदामा नगरातली कुठलीही गल्ली घ्या. एक बादली, एक पिवळा फडका आणि त्याच पाण्यात ओळीने आठ गाड्या. आठव्या गाडीपर्यंत तो फडका पॉलिश पेपर झालेला असतो. दोष पुसणाऱ्या पोराचा नाही, त्याला महिन्याला जे मिळतं त्यात दुसरी बादली बसत नाही. पण याच गाडीवर मालक पुढच्या महिन्यात हजारो रुपये मोजून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा पातळ कडक थर, चढवून आणतो, आणि दुसऱ्या दिवशी परत तोच फडका! माझं म्हणणं एवढंच की रोज पळणाऱ्या गाडीचं धुणं आधी सुधारा. कोटिंगचा नंबर त्यानंतरचा.

आधी जाडीचा हिशेब. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५०, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. चमकही त्याचीच आणि उन्हापासून राखणही त्याचीच. रबिंग-पॉलिश केलं की त्यातलेच एक-दोन मायक्रॉन जातात, कडक कंपाउंड (खरखरीत पेस्ट) असेल तर जास्त, आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणून ‘दर सर्व्हिसिंगला रबिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. गाडी पॉलिशला देण्याआधी जाडी मोजायचं गेज पत्र्यावर लावायला सांगा. २०० च्या वर आकडा आला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे, ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथे साधं गेज चालत नाही, त्यामुळे तिथे हात हलकाच हवा.

आता धुणं. रंगावर गोल गोल जाळं दिसतं ना, काळ्या गाडीवर तर उन्हात कोळ्यानेच विणल्यासारखं, ते बहुतेक चुकीच्या पुसण्याने येतं. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात, मेट्रोच्या आणि बिल्डिंगच्या कामांनी त्यात सिमेंटची भर घातली आहे. ती पुसायची नसते, भिजवून सोडवायची असते. चाकं आधी, त्यांचा ब्रश आणि बादली वेगळी. मग नुसत्या पाण्याचा जोरदार मारा, मग फोम चार-पाच मिनिटं, सुकू न देता, आणि परत पाणी. निम्म्याहून जास्त घाण इथेच जाते, हात लावण्याआधी. त्यानंतर दोन बादल्या, १५-१५ लिटरच्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा मिट (हातमोजा) छपरापासून खाली, सरळ रेषेत, आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून. दरवाज्यांचा खालचा वीतभर भाग सर्वांत शेवटी, कारण सगळी खडी तिथेच. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते वॅक्सही धुऊन नेतं.

बोनेटवर तळहात ठेवून बघा. चटका बसला तर त्या वेळी पाणी घालूच नका. आपल्याकडचं बोरिंगचं पाणी जड. उन्हात थेंब वाळला की क्षाराचं पांढरं कडं मागे राहतं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर क्लिअर कोटात उतरतं. ताजे डाग पांढरा व्हिनेगर आणि तितकंच आरओचं पाणी मिसळून, मिनिटभर ठेवून धुतले तर निघतात. यावरून आठवलं, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरून पाणी वाचवल्याचं समाधान मिळतं खरं, पण त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते चाकांना ठीक. शेवटच्या धुण्याला उलट आरओचं गाळलेलं चार-पाच लिटर पाणी ओता आणि जाड टॉवेल पसरून नुसता ओढून घ्या, घासू नका.

पॉलिश वर्षा-दोन वर्षांतून एकदा, गरज असेल तरच. धुतलेल्या रंगावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून बोटं फिरवा. खरखर लागली तर ब्रेकचा लोखंडी चुरा आणि डांबर चिकटलंय. लोखंड सोडवणाऱ्या द्रावणाने जांभळे ओघळ येतात, ते धुवायचे, डांबराचं वेगळं द्रावण, मग भरपूर वंगण घालून क्ले, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ गोळा. क्ले जमिनीवर पडला की सरळ कचऱ्यात, मोह नको. पॉलिशिंग डबल अ‍ॅक्शन मशीनने (फिरता फिरता डुलणाऱ्या), मध्यम फोमच्या पाच इंची पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, दीड-दोन फुटांचा चौकोन, उभे-आडवे चार ते सहा फेरे, हात सावकाश. कडांवर टेप हवीच, तिथे रंग सर्वांत पातळ. लोकरी पॅडचं जुनं गोल फिरणारं मशीन घाईने मारलं की उन्हात हलणारे पट्टे दिसतात. नखाला अडकणारा ओरखडा सोडून द्या, रोजच्या गाडीसाठी तो काढण्याइतका क्लिअर कोट खर्चू नये. आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी मारून पुसायला लावा. नुसत्या तेलकट ग्लेझने रेघा बुजवल्या असतील तर तिथेच उघड्या पडतात.

कोटिंग वाईट नाही, विकण्याची भाषा वाईट. ‘९एच’ हा पेन्सिलीच्या शिशाने केलेल्या चाचणीचा आकडा. बायपासवर ट्रकच्या चाकाखालून उडणाऱ्या खड्याला तो ठाऊक नसतो. ‘टेफ्लॉन कोटिंग’वर तर बोलायलाच नको, तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या वरची भट्टी लागते. सिरॅमिकने घाण लवकर सुटते, हा खरा फायदा. पण पाण्याचे गोल थेंब उभे राहतात, त्यामुळे बोरिंगच्या पाण्याची कडी कोटिंगवर जास्तच उठून दिसतात, हे दुकानात कुणी सांगत नाही. लावताना जास्त झालेलं वेळेत पुसलं नाही तर काळपट ठिपके पक्के बसतात, आणि मे महिन्यात ती वेळ मिनिटाच्याही आत संपते. लावल्यावर दिवसभर पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. एवढं पाळणं जमणार नसेल तर दर तीन महिन्यांनी स्प्रे सीलंट, म्हणजे फवारून पुसायचा संरक्षक थर, मारा, रोजच्या गाडीला पुरतं.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मात्र हा स्प्रे नक्की मारा, खासकरून पांढऱ्या गाडीला. गुलाल पडला तर फडका नाही, आधी पाणी. क्लिअर कोटवरचा रंग बहुतेक वाहून जातो, अडकतो तो काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत आणि रबरी बीडिंगमध्ये. तिथे ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, मऊ ब्रश, आणि दोन-तीन वेळा करायची तयारी. किंवा गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याला पायी जा.