शेवटी बसा, थाप मारा

गणपतीला गावी जाल तेव्हा पोकर शिकूनच जा. आरत्या झाल्या, भजनी मंडळी उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेली, की पडवीत सतरंजी पडते. इतकी वर्षं तिथे तीन पत्ती चालायची. २०२५ च्या कायद्याने मोबाइलवरचे पैशांचे खेळ बंद झाले आणि चाकरमानी पुतण्यांची सगळी कला थेट पडवीत उतरली. हा नशिबाचा नव्हे, बुद्धीचा खेळ आहे, असं पुतणे सांगतात. तुम्हीही सांगा. पैसे मात्र लावू नका, १८८७ पासून जुगाराविरुद्ध कायदा आहे. काजूच्या बिया लावा. बियांचे पैसे मागाहून करता येतात, त्याला शेतमालाचा व्यापार म्हणतात.

पहिला धडा जागेचा. पत्ते वाटणाऱ्याच्या जागेला पोकरात बटन म्हणतात. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची सामाईक पाच. ही मधली पानं उघडू लागली की बटनवरचा सर्वांत शेवटी बोलतो. तोवर एकाने मान हलवून चेक, म्हणजे काही न लावता पुढे, म्हटलेलं असतं, दुसऱ्याने जांभई दिलेली असते, तिसरा विड्याचं पान लावतोय. कुणाकडे काही नाही हे दिसलं, की तुम्ही हातात काही नसताना बियांचा ढीग पुढे सारायचा. वाटपाच्या बैठकीत शेवटपर्यंत गप्प बसणाऱ्यालाच विहिरीकडचा तुकडा मिळतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हिशेबही सोपा आहे. मधे जेवढ्या बिया आहेत तेवढ्याच लावल्यात, तर निम्म्याहून जास्त वेळा समोरच्याने पानं टाकून डाव सोडला की तुम्ही फायद्यात. निम्म्या लावल्यात तर तिनांत एकदा पळाला तरी बरोबरी. त्यातून बदामाची दोन तुमच्या हातात, दोन खाली आणि अजून दोन पानं उघडायची असतील, तर कलर, म्हणजे एकाच जातीची पाच पानं, लागायची शक्यता ३५ टक्के. म्हणजे थापेच्या मोदकात थोडं सारणही.

दाखला हवाच असेल तर २००३ चा घ्या. लास वेगासची जागतिक स्पर्धा, शेवटचे दोघे. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस (आडनाव खरंच तेच) राजा-सत्तीवर, साधी जोडीही नसताना सगळे चिप्स पुढे सारतो. समोर मूळचा लेबननचा सॅम फारहा, त्याच्याकडे नव्व्यांची जोडी. तो विचार करतो, करतो, आणि पानं टाकतो. पुढे मनीमेकर जगज्जेता, २५ लाख डॉलर.

फारहा लेबननचा होता म्हणून. कुडाळ तालुक्यातला असता तर?

इथे एक बारीक अडचण सांगायला हवी, पुतणे सांगत नाहीत. थाप चालते ती पानं टाकणाऱ्यापुढे. सामाईक फणसासाठी जो ३० वर्षं दिवाणी दावा चालवतोय, वकिलाच्या फीत ज्याची निम्मी बाग गेली आणि तरी जो दर तारखेला धुतलेला सदरा घालून पहिल्या एसटीने कोर्टात जातो, तो तुमच्या ४० बियांना घाबरून उठेल? त्याला जिंकायचंय असं कोण म्हणालं?

पण तुम्ही डगमगू नका. मीही डगमगलो नव्हतो. बटनवर होतो, हातात सत्ती-दुर्री, दोन्ही वेगळ्या जातीची. सुरुवातीला मिळू शकणारी पोकरातली सर्वांत भिकार पानं हीच. खाली राणी, दश्शी, चव्वी आणि असंच काहीबाही. सगळे गप्प. मी मनीमेकरचं स्मरण केलं आणि ६० बिया सारल्या.

नानांनी चष्मा पुसला. म्हणाले, "गेले तर गेले, पण माका बघूचा हा." आणि ६० मोजून ठेवल्या.

काकी एव्हाना पानं खाली ठेवून वाती वळायला घेणार होत्या. "नाना बघतत, मग मी कित्याक नको?" म्हणत त्यांनीही ६० टाकल्या.

नानांकडे चव्व्यांची जोडी. काकींकडे नुसता एक्का. थाप एकच मारली, हरलो दोघांकडून.

पाचव्या दिवशी विसर्जन करून तुतारी एक्सप्रेस पकडायला निघालो. रिक्षावाला परक्या वाडीतला, कधी न पाहिलेला. स्टेशन येईपर्यंत काही बोलला नाही. बॅग उतरवताना हळूच म्हणाला, "सत्ती-दुर्रीवर साठ बियो?"