जंगलातच जायचंय रे बाबा, रस्ता सांग!

आज सकाळी एलबीएस रोडवर, भांडुपच्या अलीकडे, एका पांढऱ्या एसयूव्हीवाल्याने मागून हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. मी डावीकडेच होते. त्याहून डावीकडे सरकायचं तर गटार, आणि गटारावरचं झाकण जागेवर नव्हतं. पुढे सिग्नलला काच खाली करून साहेब म्हणतात, "काकू, एवढी सायकलची हौस आहे तर जंगलात जा ना! इथे कशाला मरायला येता?" अगदी स्वच्छ मराठीत. मागच्या सीटवर शाळेचं दप्तर पडलेलं. म्हणजे हा कुणाचा तरी बाबा.

काकू म्हटल्याचं मला काही नाही. आहेच मी काकू. पण जंगलात जा? अरे, मला जंगलातच तर जायचंय! गेली कित्येक वर्षं मी सायकलसाठी मोटारी नसलेली एक मातीची वाट, एवढंच तर मागतेय!

घरी येऊन चहा झाला, आंघोळ झाली, तरी डोकं शांत होईना म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे सरका, त्या एसयूव्हीसारखं हॉर्न तेवढा वाजवू नका.

माझ्या जवळच्यांना ही गोष्ट पाठ झालीये, पण आज परत सांगणार. मेरीलँडला भाच्याकडे गेले होते. त्याने एका सकाळी त्याची जुनी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडी-मातीच्या वाटेवर चालवायची सायकल, काढली, सीट माझ्या उंचीला खाली घेतली आणि म्हणाला, चल मावशी. जाड टायर, हवा जरा कमीच ठेवलेली, त्यामुळे खडीवरूनही हाताला हादरे बसत नाहीत. गेलो आम्ही सी अँड ओ कॅनालवर. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलंडपर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने गेलेला जुना कालवा, 184.5 मैलांचा, म्हणजे जवळजवळ 300 किमी. 1828 साली खोदायला घेतला, कंबरलंडला पोचायला 1850 उजाडलं. तोवर रेल्वे तिथे आधीच पोचली होती. धंदा तिने खाल्ला, उरलंसुरलं 1924 च्या पुराने मोडलं आणि बोटी बंद झाल्या. त्या बोटी खेचरं ओढायची. खेचरांना चालायला काठाने जी वाट केली होती, ती तेवढी राहिली. माती, बारीक खडी, दोन्हीकडून झाडं, एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला नदी. पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर कासवं ओळीने ऊन खात बसलेली. मोटार नाही. एकही नाही.

आणि मागून घंटी वाजली. "ऑन युअर लेफ्ट!" असा बायकी आवाज आला. म्हणजे, तुझ्या डावीकडून पुढे जातेय, एवढंच. मी काय करावं? सायकल सरळ गवतात घातली आणि एक पाय टेकून उभी राहिले, अंग चोरून. पांढऱ्या केसांची एक बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठी, पुढे गेली, थांबली, वळून परत आली. लागलं का, काही बिघडलं का, विचारायला लागली. तिला काय सांगणार? की बाई गं, माझ्या गावात मागून आवाज आला म्हणजे बाजूला हो, नाहीतर मेलीस, एवढंच मला ठाऊक आहे?

आज भांडुपला तो हॉर्न वाजला तेव्हा मला तीच बाई आठवली. ती वळून आली होती. हा काच खाली करून आला.

आता कुणीतरी म्हणेल, अमेरिकेचं कौतुक आम्हाला नको, त्यांच्याकडे जागा आहे. बरं, आहे. पण ती वाट त्यांनाही कुणी ताटात वाढून दिलेली नाही. त्या कालव्याच्या जागेवर मोटारींचा रस्ता करायचा घाट घातला होता, आणि तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने अग्रलेख लिहून त्याला पाठिंबाही दिला होता. तेव्हा त्यांच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर सांगितलं, या माझ्याबरोबर, ही वाट चालून बघा, मग लिहा. 1954 च्या मार्चमध्ये निघाले. पुष्कळ लोक निघाले, सगळी वाट पुरी केली ती फक्त नऊ जणांनी. पण वर्तमानपत्राने मत बदललं, रस्ता झाला नाही आणि 1971 मध्ये त्या जागेचं राष्ट्रीय उद्यान झालं. सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती, पायात बूट घालून आठ दिवस चिखल तुडवत! आपल्याकडे एखादा मोठा माणूस भांडुप ते घाटकोपर पायी चालून दाखवेल का?

आपल्याकडे जंगल नाही असं थोडंच आहे? संजय गांधी उद्यान सुमारे 104 चौरस किमीचं आहे, भर शहरात. बोरिवलीच्या गेटावर सायकली भाड्याने मिळतात, कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता आहे, शेवटचा चढ जीव काढतो पण मजा येते. आतल्या मातीच्या पायवाटांवर सायकली नकोत, हे मला मान्य आहे. ते बिबट्याचं घर आहे, आपण पाहुणे. ठीक. पण मग त्याच जंगलाच्या पोटातून गोरेगाव-मुलुंडचा बोगदा चाललाय, ठाणे-बोरिवलीचा जवळजवळ 12 किमीचा चाललाय, ते कुणासाठी? मला जंगलात जा म्हणणारा स्वतःच जंगलातून जाणार आहे. खालून. एसी लावून.

आणि कालवा नसला तरी पाण्याच्या वाटा मुंबईला आहेतच की. तानसाचं धरण 1892 चं. तिथून पाणी पाइपातून ठाण्यावरून मुलुंड, भांडुप, घाटकोपर करत शहरात येतं. त्या पाइपांच्या कडेने 39 किमीचा सायकल ट्रॅक करायची योजना आली होती, 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स' असं झोकदार नाव देऊन. तेव्हा मी नाचले होते अक्षरशः. माझ्या बाजूचा पट्टा आज जाऊन बघा. कुठे गेटाला कुलूप, कुठे पेव्हर ब्लॉक उखडलेले, कुठे टेम्पो लावलेले, एका ठिकाणी तर कुणीतरी मोडका सोफा आणून टाकलाय. त्यावर दोन कुत्री राहतात.

इथे मात्र माझा आवाज खाली येतो. कारण त्या पाइपांलगत माणसं राहत होती. हायकोर्टाच्या आदेशाने दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायची म्हणून घरं गेली, आणि त्यातल्या कितीतरी कुटुंबांना माहुलला पाठवलं, रिफायनरीच्या शेजारी, नाक धरून जगायला. माझ्या हौसेच्या रस्त्याखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. हे मला दिसतं. पण म्हणूनच जास्त चीड येते. एवढं सगळं करून मोकळी केलेली जागा शेवटी कुणाला मिळाली? टेम्पोला!

पवईचं उदाहरण कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच सांगते. तलावाच्या काठाने भराव टाकून जो ट्रॅक चालला होता तो हायकोर्टाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. आमच्या सायकलवाल्या मंडळींना तेव्हा फार वाईट वाटलं. मला नाही वाटलं. पाणथळ बुजवून सायकल चालवायची ही कसली निसर्गाची आवड? आणि बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सायकल ट्रॅक झाला तर त्याचं पार्किंग झालं, पुढे तो काढून गाड्यांना लेन वाढवायचं ठरलं. आपल्याला काहीही द्या, आपण त्यावर आधी सिमेंट ओततो, मग रंग लावतो, मग फीत कापतो, मग त्यावर गाडी उभी करतो.

मला ट्रॅक नकोच आहे हो. रंगीत नको, एलईडी नको, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. जी मातीची पट्टी आहे ती तशीच ठेवा, खड्डे खडीने भरा आणि तोंडाशी दोन खांब असे रोवा की सायकल जाईल, मोटार जाणार नाही. संपलं. माझ्या आजोळी, फलटणकडे, नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून पाटकरी फावडं खांद्याला अडकवून सायकलने फिरायचा. त्याची काही ग्रॅव्हल बाईक नव्हती, घंटीही धड वाजत नव्हती. दीड-दोन लाखांची कार्बनची सायकल कारच्या टपावर बांधून लोणावळ्याला नेणाऱ्या माझ्या मित्रांनो, रागावू नका, पण तुमच्या-माझ्यापेक्षा तोच जास्त ऐटीत चालवायचा.

पावसाळ्यात चिखल होईल. होईल, चार महिने होईल. सुनसान वाटेवर बाईमाणसाला भीती नाही का? आहे. पण एलबीएस रोडवर माझा रोज जीव जातो की राहतो अशी गत असते, तेव्हा माझ्या भीतीची चौकशी करायला कुणी येत नाही. माणसं ये-जा करायला लागली की वाट सुनसान राहत नाही. मेरीलँडला ती म्हातारी एकटीच चालली होती, पाण्याची बाटली आणि डब्यात काहीतरी खाऊ घेऊन. तिला मी विचारलंसुद्धा, एकट्याच का? तिला माझा प्रश्नच कळला नाही.

एसयूव्हीवाल्या दादा, तू हे वाचणार नाहीस. पण तुझं ते दप्तरवालं पोर उद्या सायकल मागेल. तेव्हा त्याला कुठे पाठवणार आहेस? सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल? तिथेही वॉचमन ओरडतो. त्याच्यासाठी तरी पाइपांजवळच्या त्या गेटाची किल्ली कुणाकडे असते ते शोधू या. मुलुंड-भांडुप पट्ट्यातलं कुणाला माहीत असेल तर मला इनबॉक्स करा. अर्ज मी लिहिते, सह्या तुम्ही आणा.

आणि माझ्या दिरांची कमेंट येणारच आहे, "वहिनी, ट्रेडमिल घेऊन टाका." भावजी, तुमच्या ट्रेडमिलवर काय काय वाळत घातलेलं असतं ते मी दिवाळीला पाहिलंय.