टॉवेल वाळत घालायची सायकल

बायको म्हणते, तुम्ही सायकलबद्दल बोलायला लागलात ना की समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत जा, दोन मिनिटांत बिचारा चपला कुठे काढल्यात ते शोधायला लागतो. खरंय ते. मला दोन व्यसनं आहेत (शब्द तिचा), एक सायकल, दुसरं वाइन. आणि तिसरं म्हणजे या दोघांबद्दल बोलायचं. पहिली दोन कशीबशी परवडतात हो, तिसऱ्यापायी माणसं तुटायची वेळ येते.

हे आज आठवायचं कारण, परवा आमच्या सायकलवाल्यांतला एक तरुण मुलगा मला म्हणाला, काका, तुम्ही त्या कट्ट्यावरच्या मित्रांना कशाला पकवता, त्यांना काय घेणं नाही त्यातलं, आपल्यात बोला ना, इथे सगळे इंटरेस्टेड आहेत. प्रेमाने म्हणाला तो. पण मला ते दोन दिवस कुसळासारखं टोचत राहिलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना स्क्रोल करायचंय त्यांनी करा, रागावणार नाही.

माझं म्हणणं उलटंच आहे. ज्याला त्यातलं काही घेणं नाही त्यालाच सांगण्यात मजा आहे. आपल्या वेडाच्या माणसांत बसलं की आपण वेड वाटून घेत नाही, मापं काढतो. सायकलवाले भेटले की काय बोलतात? ॲव्हरेज किती पडलं, मागच्या चाकावरचं मोठं दातेरी चक्र किती दात्यांचं, टायर कितीचे, आणि ब्रेव्हे केली का. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, मध्ये ठरलेल्या ठिकाणी हजेरी लावायची, पहिलं-दुसरं असं काही नसतं, वेळेत पोचला की झालं.) मी दोन केल्यात, एक अर्धी सोडली. सोडलेलीबद्दल त्या मंडळींत मी कधी बोललो नाही. कट्ट्यावर मात्र सगळी सांगितली, गुडघा कसा धरला, रस्त्याकडेच्या मोरीवर बसून कसा रडकुंडीला आलो, सगळं. आणि कट्ट्यावरच्या एकाने विचारलं, "पण तुला जायचं होतं कुठे?" कुठेच नाही! जिथून निघालो तिथेच परत यायचं होतं. आमच्या मंडळींतल्या कुणी हा प्रश्न मला दहा वर्षांत विचारलेला नाही.

वाइनचं सांगतो. आमचा एक मित्र आहे, मासेमारीचं वेड असलेला. धंदा नाही, नोकरी वेगळीच आहे, पण सुट्टीच्या दिवशी गरी घेऊन खडपावर, म्हणजे समुद्राकाठच्या खडकांवर. मी त्याला गरीवाला म्हणतो. त्याच्या पडवीत एका संध्याकाळी मी मोठ्या थाटात नाशिकची रेड वाइन घेऊन गेलो. उन्हाळा होता. कुठेतरी वाचलेलं की रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, म्हणून बाटली दिवसभर कपाटात. आता हा जो रूम आहे तो थंड देशातला, सोळा-अठरा डिग्रीचा. रत्नागिरीतल्या मे महिन्यातला रूम म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. वाइन नव्हे, काढा झाला होता. वर वहिनींनी बांगडे तळलेले, रव्यातले, कडक. मी ग्लास हलवून वास कसा घ्यायचा वगैरे लेक्चर दिलं, मग त्याने बांगड्याचा तुकडा खाल्ला, एक घोट घेतला आणि तोंड असं केलं.

"मेल्या, हे कोयतो चाटल्यासारखं लागतंय."

मी म्हटलं तुला चव नाही. जरा भांडलोच. त्याला आयुष्यभर ताडी-माडीची सवय, तो काय सांगणार मला, असं माझं चाललेलं. बऱ्याच दिवसांनी वाचनात आलं की जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली नेमकं हेच शोधून काढलं होतं, वाइनमधला लोहाचा अंश माशाच्या तेलाशी भिडला की तोंडात तो माशाचा उग्र वास उठतो, आणि लोह रेडमध्ये बहुतेक वेळा जास्त असतं. म्हणजे माझ्या मित्राने पडवीत बसून एका घोटात लोखंड ओळखलं होतं आणि मी पुस्तकं वाचून "टॅनिन (तुरटपणा) जरा जास्त आहे" म्हणत बसलो होतो. त्याला फोन करून सांगितलं. म्हणाला, "मग? सांगत नव्हतो?"

पुढच्या खेपेला गार केलेली शेनिन ब्लाँ नेली, व्हाइट वाइन. ही मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातली द्राक्षं, आता नाशकात चांगली रुळलीयेत. बांगड्याबरोबर अगदी बसली. तिरफळं घातलेल्या तिखल्याबरोबर (माशाचं तिखट कालवण) मात्र काहीच चालत नाही, तिरफळाने जीभच बधिर होते, पुढे वाइन काय आणि पाणी काय.

त्या दिवशी त्याने विचारलं, नाशकात पण पाऊस असतो, मग द्राक्षं कुजत नाहीत काय? मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं मी बाटलीवरची नावं पाठ करतोय आणि झाड कधी फळतं ते माहीत नाही! मग शोधलं. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, आपल्याकडे त्याच सुमाराला, पाऊस सरता सरता, फळछाटणी करतात, म्हणजे वेल फुटून घड धरतात ते कोरड्या थंडीत आणि तोडणी जानेवारी ते मार्च. हे सांगितल्यावर गरीवाला म्हणाला, म्हणजे आपल्या कलमांसारखंच की, थंडी पडल्याशिवाय मोहोर नाही. तेव्हापासून मला नाशिकची वाइन परकी वाटत नाही, खरंच सांगतो.

आणखी एक. पुस्तकातले वास आपल्या कामाचे नाहीत हो. गूसबेरी म्हणे, ब्लॅककरंट म्हणे. कुणी खाल्लंय? आमच्या कट्ट्यावर एक रिटायर्ड मास्तर आहेत, ते घेत नाहीत, थेंबसुद्धा नाही, कोकम सरबत घेऊन बसतात, पण वास घ्यायला ग्लास मागतात. शेनिनला म्हणाले, पिकायला आलेला पेरू. सोव्हिन्याँ ब्लाँला बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, कैरी... नाही नाही, भोपळी मिरची कापल्यावर येतो तो. बरोब्बर! त्या वाइनमध्ये आणि भोपळी मिरचीत वासाचं द्रव्य खरोखरच एक आहे. न पिणाऱ्या माणसाचं नाक आमच्यापेक्षा तीक्ष्ण. एकदा बुचाची बाटली उघडली तर मास्तर म्हणाले, पावसात भिजलेलं गोणपाट. मी हसलो, प्यायला बसलो, आणि गोणपाटच होतं, बुचाला बुरशी धरली की वाइनला तोच वास लागतो. ओतून दिली. हळहळ अजून आहे.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर म्हणाल हा सगळीकडे शहाणाच. चार वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका मित्राच्या मागे लागलो होतो. तू सायकल घे. वजन उतरेल, शुगर खाली येईल, झोप लागेल, सकाळी दार वाजवायला मी येतो. तीन महिने डोकं खाल्लं त्याचं. शेवटी त्याने सायकल घेतली, माझ्याच पसंतीची, माझ्याच पसंतीच्या रंगाची. पहिल्याच रविवारी मी त्याला पावसला नेलं. भाट्याचा पूल ओलांडला की गोळपच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढावं लागतं, आणि कोकण किनारा म्हणजे काय तर खाडीला उतरा, सड्यावर चढा, परत खाडीला उतरा. सागरी मार्ग या नावावर जाऊ नका, सपाट काही नाही. अर्ध्या घाटीत तो उतरला, सायकल हातात धरून चालत वर आला, काही बोलला नाही. पावसला मिसळ खाल्ली, तरी काही बोलला नाही. ती सायकल आता त्याच्या पडवीत उभी आहे आणि हँडलवर टॉवेल वाळतात. खाऱ्या हवेने चेन लाल झालीये. त्यांच्याकडे गेलो की मी तिकडे बघत नाही आणि तोही मुद्दाम माझ्या समोरूनच टॉवेल उचलतो.

मी त्याला काही सांगत नव्हतो, मी त्याची भरती करत होतो. फौजेत करतात तशी. आणि हे आपल्याकडे फार चालतं, योगावाले, बिनसाखरवाले, पहाटे चारला उठणारे, सगळे भरतीवर निघालेले. अशा माणसाला लोक टाळतात ते बरोबरच करतात. फक्त त्या भीतीने, आपण पकवू म्हणून, काहीच न बोलणारेही खूप झालेत. "काय चाललंय?" "काय नाय, नेहमीचं." अरे नेहमीचं काय? नेहमीचंच सांग ना, मला तेच ऐकायचंय.

आणि ऐकणाऱ्यांबद्दलही एक तक्रार आहे. सायकल दाखवली की पहिला प्रश्न, केवढ्याला? किंमत ऐकली की दुसरा, एवढ्यात सेकंडहँड गाडी आली असती ना? आली असती हो. आणली नाही.

भरतीवरून आठवलं, खऱ्या भरतीचं. ज्या गरीवाल्याला मी पकवतो, त्याने मला पकवलेलं एक सांगतो. तो पाण्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही, कुठल्या खडपात तांबोशी लागते, कुठल्या पाण्याला मासा उचलत नाही, उधाण (मोठी भरती-ओहोटी), भांग (लहान भरती-ओहोटी), सगळं. एक रात्र मी नुसतं हूं हूं करत होतो. त्यात त्याने हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती. रोज पाऊण तास पुढे सरकते म्हणून. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मोबाइल नको, काही नको, कालनिर्णय पुरे.

घरी येताना माझ्या डोक्यात लाइट लागला. अमावास्या-पुनवेला भरती अकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे तळाची ओहोटी सकाळी साडेपाच-सहाला. आणि ती उधाणाची ओहोटी, पाणी सगळ्यात लांब जाणार, पुळण (किनाऱ्याची वाळू) सगळ्यात रुंद, आणि ओली वाळू अशी घट्ट की टायर रुतत नाही! तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी भाट्याच्या पुळणीवर सायकल घालतो, सुरुबनाच्या कडेने, एकही चढ नाही, एकही डंपर नाही. घरी आलो की आधी गोड्या पाण्याने चेन धुवायची, तेल द्यायचं, मग चहा. हे ज्ञान मला सायकलच्या कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं. ज्याने आयुष्यात गिअरच्या सायकलवर पाय टाकला नाही त्याने दिलं, आणि तेही माशांबद्दल बोलताना.

मास्तरांचं वेड जाखडीचं, म्हणजे कोकणातल्या गाण्या-नाचाचं. गणपतीत एका रात्री मला घेऊन गेले, शक्ती-तुऱ्याचा सामना. शाहीर गाण्यातून सवाल टाकणार, समोरच्या बाजूने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, शक्तीवाले शक्तीला मोठं म्हणणार, तुरेवाले शिवाला. मला पहिला तासभर काही कळलं नाही, डास चावत होते, मनात म्हटलं आता फेडतोय मी त्या गोणपाटाच्या वासाची किंमत. मास्तर कानात सांगत होते, ही चाल ऐक, आता बघ कसा पकडला त्याला. मग पोरं गोलात नाचायला लागली, पायात चाळ, ढोलकी चढत गेली, आणि माझी मांडी आपोआप हलायला लागली. मिनिटाला ऐंशी-नव्वदच्या घरात होती ती लय. पॅडल मारायची माझी लय तीच! मास्तरांना सांगितलं तर त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, "गप्प बस, जवाब ऐक" म्हणाले. तीन वाजता घरी. आता गोळपच्या घाटीत मी मनात ढोलकी लावतो, दम लागतो तो लागतोच, पण पाय थांबत नाहीत.

तर त्या तरुण मुलाला माझं उत्तर एवढंच, की बाबा, तुमच्यात मला चेन कुठली घ्यावी ते कळतं, आणि ते लागतंच. पण मी कट्ट्यावरही बोलणार. दहा मिनिटं बोलणार, मग कुणी विषय बदलला तर बदलू देणार, आणि त्याच्या विषयात बसणार. पूर्वी मी माझा नंबर परत कधी येतो ते बघत बसायचो, ती सवय घालवायला वेळ लागला. अजून पूर्ण गेलेली नाही, बायकोला विचारा.

टॉवेलवाल्या मित्राचा काल फोन होता. त्याने हल्ली पडवीमागे अळूची चार-पाच जातीची रोपं लावलीत, वडीचं वेगळं, फदफद्याचं वेगळं, देठ काळा असला की काय आणि हिरवा असला की काय, असं वीस मिनिटं बोलला. मला अळूतलं खाण्यापलीकडे काही कळत नाही, मध्ये दोनदा जांभई आली, फोन लांब धरून दिली. शेवटी म्हणाला, रविवारी अमावास्या आहे ना रे, तू पुळणीवर जाशील, येताना इकडे ये, पानं देतो वडीला. आणि मग जरा थांबून, "ती चेन बदलायला किती येतात?"

मी आकडा सांगितला. बाकी एक शब्द बोललो नाही, शपथ.