वीट की ब्लॉक हे नंतर, आधी घाई कुणाची ते बोला

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट आता करारापर्यंत आलंय आणि ग्रुपवर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, भिंती लाल विटेच्याच हव्यात, बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची, आणि तसं करारात लिहून घ्या. दुसरा म्हणतो, आता सगळीकडे एएसी ब्लॉकच (फुगवलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे) लागतात, विटेचा हट्ट धरलात तर बिल्डर कार्पेट एरियात काटछाट करेल. मध्येच कुणीतरी इंग्लंडची जुनी बातमी टाकली: २०२३ मध्ये तिथे असल्याच फुगवलेल्या काँक्रीटपायी शंभराहून जास्त शाळांच्या इमारती बंद कराव्या लागल्या होत्या. मग तळमजल्यावरच्या काकांनी थेट मलाच विचारलं, "तू स्वीडनला घरांच्याच पाहणीचं काम करतेस ना? तिकडे काय वापरतात ते सांग एकदा."

तिकडे लाकूड वापरतात, हे उत्तर कुणालाच पटलं नाही. पण स्वतंत्र घरांपुरतं तेच खरं आहे. लाकडी सांगाडा, त्यात खनिज लोकर, आतून जिप्समचा बोर्ड. आमचे बाबा माझ्याकडे स्वीडनला आले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीवर टकटक करून बघितलं आणि "पुठ्ठ्याचं घर घेतलंस होय?" म्हणाले. पुण्यात भिंतीची परीक्षा बोटाच्या पेराने होते. बद्द वाजली तर पक्की, पोकळ वाजली तर फसवणूक. ब्लॉकवरचा निम्मा राग या आवाजातून आलाय असं मला वाटतं, आणि उरलेला खिळ्यातून. विटेत साधा खिळा बसायचा, ब्लॉकमध्ये तो ठोकला की भुगा पडतो. त्याला ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग लागतो, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, विषय संपला.

गंमत अशी की ज्या ब्लॉकवर कोथरूडमध्ये भांडण चाललंय तो जन्माने स्वीडनचाच. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये जळणाची टंचाई होती. लाकडासारखं ऊबदार, पण न कुजणारं आणि न जळणारं काहीतरी हवं होतं. आक्सेल एरिक्सन या वास्तुविशारदाने १९२४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चुना आणि वाळू किंवा राख यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकायची, तिने हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, मिश्रण फुगतं, मग ते कापून जवळपास १८० ते १९० अंशांच्या दाबाखालच्या वाफेत घट्ट करायचं. मी राहते त्या ओरेब्रू शहराजवळच्या इक्सहुल्ट गावी १९२९ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. पुढे सिपोरेक्स नावाचा दुसरा स्वीडिश प्रकार आला, आणि तो शिर्के उद्योगसमूहाने मुंढव्यात आणला. म्हणजे हे पुण्यात कालपरवा आलेलं खूळ नव्हे.

इंग्लंडची बातमी खरी आहे, पण ती आपल्या भिंतींना लागू नाही. तिथे पडले किंवा धोक्याचे ठरले ते सळ्या घातलेले त्याच काँक्रीटचे लांब तक्ते, मुख्यतः सपाट छपरांचे. पाणी मुरलं, सळ्या गंजल्या, टेकूवर तक्त्यांची बसवणूक अपुरी होती. आपल्या ब्लॉकमध्ये सळई नसते आणि त्याच्यावर स्लॅबही नसतो. भार कॉलम-बीमवर, ब्लॉक नुसता मधली जागा भरतो. तिथे वजन कमी असलेलंच बरं. एक घनमीटर ब्लॉकचं वजन सहाशे किलोच्या आसपास, विटेचं अठराशेच्या. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या विभागात आहे, इमारत जितकी जड तितका हादऱ्याचा जोर जास्त. शिवाय एप्रिलमधल्या पश्चिमेच्या भिंतीचा दुपारचा ताप ब्लॉक विटेपेक्षा बराच अडवतो.

"जुन्या भिंती बघा, शंभर वर्षं हलल्या नाहीत" हे वाक्य आमच्या ग्रुपवर दिवसाआड येतं. उभ्या राहिल्या त्याच आपण बघतो. शनिवारवाड्याचं जोतं आणि तट दिसतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पेठांमध्ये मातीत बांधलेले वाडे पाण्यात कसे बसत गेले, हे माझी आजी सांगायची. वीट तीच होती, सांध्यांमध्ये चुन्याऐवजी माती होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला तर दगडी भिंतींनीच माणसं मारली. जाड भिंत, बाहेरून एक मुख, आतून एक मुख, मध्ये दगडगोट्यांची भरण, आणि दोन्ही मुखांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड नाहीतच. वर मातीचं जड छप्पर. हादरा बसला तशी दोन मुखं दोन दिशांना सुटली. त्याच काळ्या दगडात, पण चुन्यात आणि नीट सांधेमोड करून (सांध्यावर सांधा न येऊ देता) बांधलेल्या पुण्यातल्या कॉलेजांच्या इमारती दीडशे वर्षांच्या होत आल्या तरी ताठ आहेत.

माझी तक्रार ब्लॉकबद्दल नाही, तो लावण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पुण्याला आले की मी साइट बघितल्याशिवाय परत जात नाही, आणि बघते ते असं. जुलैत ब्लॉकचे ढीग उघड्यावर भिजताहेत. गवंडी हयातभर विटेवर काम केलेला. वीट भिजवूनच लावायची असते, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. हे त्याच्या हातात इतकं मुरलंय की तो ब्लॉकवरही पाइप सोडतो. ब्लॉकला नुसता पृष्ठभाग ओला करून भागतं. आतपर्यंत भिजलेला ब्लॉक महिनोन् महिने सुकत राहतो आणि सुकताना आकसतो. त्यावर लगेच प्लास्टर चढलं की ते तडकणारच. त्यात प्लास्टरमध्ये सिमेंट जास्त म्हणजे काम पक्कं हा आपला लाडका समज. खरं तर सिमेंट वाढलं की आकसणंही वाढतं, आणि मऊ ब्लॉकवर कडक प्लास्टर म्हणजे सदऱ्याला पत्र्याची बाही.

दुसरी जागा म्हणजे बीमखालची. भिंत बीमपर्यंत गच्च भरून टाकतात. पुढे वरचा स्लॅब भाराने किंचित खाली येतो आणि सगळं ओझं बिचाऱ्या भरावाच्या भिंतीवर पडतं. तिथे बोटभर फट ठेवून, वरचे मजले झाल्यावर ती लवचिक मालाने भरायची असते. ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरच्या आत जाळी हवी. सांध्यात ब्लॉकचा तीन मिलिमीटरचा चिकट मसाला हवा, विटेसारखा जाड थर नको. यातलं काहीही परदेशी नाही. पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या इंजिनिअरला हे पाठ असतं.

"तिकडे सगळं शिस्तीत" असं मानणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्वीडनमध्ये या ब्लॉकची एक निळसर जात तुरटीयुक्त शेल दगडापासून बनायची. त्या दगडात युरेनियम असतं, त्यामुळे भिंतीतून रेडॉन वायू निघतो, आणि रेडॉनने फुप्फुसाचा कर्करोग होतो. ही जात १९७५ मध्ये थांबवली, पण तोवर असंख्य घरं बांधून झाली होती आणि आजही त्यांत रेडॉन मोजावा लागतो. (आपला ब्लॉक राखेचा, त्यात हा शेल नसतो. ग्रुपवर नवी बातमी म्हणून टाकू नका.) दुसरी गोष्ट ताजी. नव्वदच्या दशकापासून इथे लाकडी सांगाड्यावर थर्माकोल आणि त्यावर थेट प्लास्टर, मागे हवेची फट नाही, अशी हजारो घरं झाली. स्वस्त आणि झटपट. खिडकीच्या कडेने पाणी आत गेलं ते बाहेर पडायला वाटच नाही, आतून बुरशी. घरमालक कोर्टात गेले, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भिंत सदोष ठरवली. कायदा चांगला होता, तरी भिंत ओली झालीच. फरक इतकाच की नगरपालिकेच्या दप्तरात नकाशे असल्याने कुठल्या घराची भिंत कशी आहे ते शोधता आलं, आणि घर बांधून देणाऱ्याकडे दोषाची तक्रार करायला दहा वर्षं मिळतात.

इथे आता मोठ्या कामांवर आख्ख्या इमारतीला तंबू घालतात, काँक्रीटला भोक पाडून आतली ओल यंत्राने मोजतात आणि आकडा खाली आल्याशिवाय फरशी घालत नाहीत. पुण्यात तंबू मागणं हास्यास्पद होईल. ओल मोजणं मात्र महाग नाही. महाग आहे ते थांबणं. रीडेव्हलपमेंटमध्ये सभासदांचं भाडं बिल्डर भरतो, त्याला प्रत्येक महिना टोचतो. आणि सभासदांनाही दिवाळीच्या आत ताबा हवा असतो. ब्लॉक सुकायला लागणारे आठवडे दोघांनाही नको असतात, म्हणून ते सभेच्या इतिवृत्तात कधीच येत नाहीत. विटेची जाडी मात्र येते.

वीटही तितकीच घाईत बिघडते, हे विटेच्या तटाने लक्षात घ्यावं. एका दिवसात दीड मीटरच्या वर भिंत चढवू नये असा नियम आहे, आणि नंतर आठवडाभर तरी पाणी मारायचं असतं. अठरा मजल्यांवर टँकरचं पाणी चढवून आठवडाभर भिंती भिजवणारा बिल्डर मला दाखवा. शिवाय दोन विटा एकमेकींवर वाजवून खणखणीत आवाज देणारा माल आता किती भट्ट्यांवर मिळतो ते आधी बघून या.

मी समितीला पाठवलेल्या मसुद्यात विटेचं किंवा ब्लॉकचं नावच घातलेलं नाही, ते आर्किटेक्टने ठरवावं. त्यात आहे ते असं: माल झाकून ठेवायचा. भिंत उभी राहिल्यापासून प्लास्टरपर्यंत किती आठवडे जातील ते वेळापत्रकात लिहायचं, आणि तेवढे आठवडे मुदत वाढली तर बिल्डरला दंड नाही. सभासदांनीही तेवढ्या काळाचं निम्मं भाडं सोडायचं. प्लास्टरआधी प्रत्येक मजल्याच्या भिंतींचे, बीमखालच्या फटीचे आणि जाळीचे फोटो सोसायटीच्या दप्तरी. खिडक्यांवर छज्जे, एलेव्हेशन कितीही सपाट दाखवलेलं असो. गळती आणि तड्यांची पाच वर्षांची हमी करारातच, कारण रेरातली (घरबांधणी नियमनाच्या कायद्यातली) हमी नव्या खरेदीदाराला सहज लागू पडते, जुन्या सभासदाला तशी पडेल यावर विसंबू नये. निम्म्या भाड्याच्या कलमावर ग्रुप तीन दिवस तापलाय, आणि काकांनी छज्ज्यांना पाठिंबा दिलाय.