जांभा गुलाबी दिसतोय? नाव बदलून भागणार नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या घरांची, होमस्टेंची थ्रीडी चित्रं करणाऱ्यांत एक सल्ला बराच फिरतोय: ‘प्लगइनने (जोड-प्रोग्रामने) लावलेली जांभ्याची भिंत ब्लेंडरमध्ये (थ्रीडी प्रोग्राममध्ये) गुलाबी आली, तर दोष मराठी फाइलनावाचा. नाव इंग्रजीत करा, पूर्ण पाथ (ड्राइव्हपासूनचा फाइलचा पत्ता) कोडमध्ये लिहा, तरी नाही झालं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.’

गुलाबी रंगाचा अर्थ इतकाच, की त्या पाथवर चित्र सापडलं नाही किंवा उघडलं नाही. कारण वेगळं शोधावं लागतं.

मराठी नावाचं म्हणाल, तर पायथन ३ ही प्रोग्रामिंगची भाषा आणि ब्लेंडर यांना ‘जांभा’ हे नाव सहज चालतं. अडतं ते सी++ या भाषेत लिहिलेल्या प्लगइनमध्ये. विंडोजवर फाइल उघडणारं साधं एफओपन फंक्शन नाव जुन्या कोडपेजमधून, म्हणजे मर्यादित अक्षरांच्या तक्त्यातून वाचतं, आणि त्यात देवनागरीला सहसा जागाच नसते. तिथे वाइड स्ट्रिंग (युनिकोडमधलं नाव) घेणारं फंक्शन वापरा. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंगांच्या नोंदीत) यूटीएफ-८ हे युनिकोड एन्कोडिंग लावायचा उपाय प्लगइनला उपयोगी नाही, कारण मॅनिफेस्ट यजमान प्रोग्रामचा (प्लगइन ज्यात चालतं त्याचा) चालतो, तुमच्या डीएलएलचा (प्लगइनच्या फाइलचा) नाही.

मराठीची खरी खोच वेगळीच आहे. ‘पायऱ्या’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ कोणी एकाच अक्षराने टाइप करतं, कोणी ‘र’ला नुक्ता देऊन, तर कोणी र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण विंडोजच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली. एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरं एकाच रूपात आणायची युनिकोडची रीत) पहिल्या दोघांना एक करतं, तिसरा तसाच राहतो. म्हणून नाव कोडमध्ये हाताने लिहू नका, फोल्डरची यादी वाचून घ्या. इथे इंग्रजी नावाने काम भागतं, हे मान्य.

पूर्ण पाथ लिहायचा सल्ला मात्र सरळ घातक. ऑफिसच्या पीसीवरचा डी ड्राइव्ह साइटवरच्या लॅपटॉपला असेलच असं नाही. शिवाय पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतर इंग्रजी टी आला की टॅब होतो, एन आला की नवी ओळ. म्हणजे टेक्स्चर्स नावाचं इंग्रजी फोल्डरच पाथ मोडतं. बॅकस्लॅशपुढे ‘ज’ असता तर मोडला नसता! सी ड्राइव्हच्या यूझर्स फोल्डरचा पाथ तर चालायच्या आधीच सिंटॅक्स एरर देतो. फॉरवर्ड स्लॅश वापरा, विंडोजला चालतो.

मग नुसता सापेक्ष पाथ (ड्राइव्हचं नाव नसलेला)? तो प्लगइनच्या फोल्डरपासून नाही, यजमान प्रोग्रामच्या चालू फोल्डरपासून मोजला जातो. पायथनमध्ये स्वतःच्या फाइलच्या जागेपासून पाथ बांधा. सी++ मध्ये गेट-मॉड्यूल-फाइलनेम या फंक्शनला आपल्या डीएलएलचं हँडल (ओळखखूण) द्या. नल (रिकामं) दिलंत तर यजमानाचा पाथ मिळेल. ब्लेंडरचे पाथच्या सुरुवातीचे दोन स्लॅश म्हणजे ‘या ब्लेंड फाइलपासून’. ते पायथनच्या ओपनला कळत नाहीत, आधी ब्लेंडरच्या अ‍ॅबस्पाथमधून काढावे लागतात. आणि ब्लेंड फाइल सेव्हच केली नसेल, तर मोजायचं कुठून?

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने उलट नवं दुखणं येतं. टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) सर्व्हरवर, झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले असतील, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला तो ड्राइव्ह एरवी दिसतच नाही. साधाच उघडा, नाहीतर सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा नेटवर्क पाथ द्या.