नेगेवची छायाचित्रे आणि ‘हिरव्या वाळवंटा’चा दावा

इस्रायलच्या दक्षिणेकडील नेगेव वाळवंटाची काही छायाचित्रे एका ठाम दाव्यासह फिरत आहेत: तिथे पूर्वी भरपूर पाऊस पडे, टेकड्या द्राक्षवेलींनी झाकलेल्या होत्या आणि सातव्या शतकातील अरब विजयाने ही शेती उजाड केली. छायाचित्रे खरी आहेत. त्यांवरून काढलेली तिन्ही अनुमाने चुकीची आहेत.

पावसाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उन्हे कलती असताना टिपलेल्या चित्रांत कोरड्या ओढ्यांना आडव्या घातलेल्या दगडी ताली सावल्यांमुळे उठून दिसतात आणि तालींमागे साठलेल्या गाळात झुडपांच्या दाट पट्ट्या आढळतात. पाऊस मुबलक असता, तर एवढा खटाटोप कोणी कशाला केला असता? नेगेवमधील अवदात या प्राचीन शहराच्या परिसरात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस होतो. पण तिथल्या लोएस, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीवर पावसाने पापुद्रा धरतो, पाणी मुरण्याऐवजी उतारावरून धावते, आणि एकरभर शेताला वीस-तीस एकर उताराचे पाणी मिळाले की पीक हाती लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस अवदात आणि शिव्ता या दुसऱ्या प्राचीन वस्तीजवळील जुनी शेते पुन्हा उभी केली आणि आजच्याच पावसावर तिथे धान्य व फळझाडे घेतली. प्राचीन काळी हवामानात थोडाफार चढउतार झालाही असेल, परंतु ही शेती चालण्यासाठी तो अपरिहार्य नव्हता, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

उतारांवर ओळीने दिसणाऱ्या दगडांच्या ढिगांवर वेली चढवल्या होत्या, हे म्हणणेही पटत नाही, कारण पाणी जिथून वाहून जाते तिथे वेलीपुरतीही ओल टिकत नाही. हे ढीग उतारावरचे दगड वेचून रचलेले आहेत. दगड वेचल्याने खाली येणारे पाणी वाढते, असे एव्हेनारींच्या गटाला आढळले. शेतात अधिक माती वाहून यावी म्हणून ते वेचले, असे इतर काही अभ्यासकांचे मत आहे. द्राक्षे पिकत होती यात शंका नाही, शिव्ता आणि अवदातला द्राक्षे तुडवण्याचे हौद आजही पाहता येतात. मळे मात्र खालच्या गाळात होते.

अरब विजयाचा आरोप कागदपत्रांसमोरच कोसळतो. नेसाना या नेगेवमधील प्राचीन गावी सापडलेल्या पपायरसांत (लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदांवरील लेखांत) 670 च्या दशकात नवे राज्यकर्ते गावाकडून गहू आणि तेल मागताना दिसतात, आणि शिव्तात तर चर्चला लागूनच मशीद उभी राहिली. उलट नेगेवमधील हालुत्सा या प्राचीन शहराबाहेरचे कचऱ्याचे ढीग तपासल्यावर असे दिसले, की कचरा वाहून टाकण्याची नगरव्यवस्था सहाव्या शतकाच्या मध्यासच बंद पडली होती, म्हणजे अरब सैन्य येण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी.