रांगेचा त्रास मान्य, पण देखरेख कमी करू नका

विमानतळावरच्या सरकारी देखरेखीमुळे रांगा लांबतात, ती सैल करावी, असं तुमच्याकडे आलेल्या एका लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात बॉम्बस्फोट होऊन ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा प्रवासी विमानात चढलाच नव्हता! त्यानंतर, १९८७ मध्ये, नागरी विमान सुरक्षा ब्यूरो हा स्वतंत्र विभाग झाला. आज अंगझडती सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे) जवान घेतात, पण नियम ठरवणं आणि ते पाळले जातात का हे तपासणं ब्यूरोकडे आहे. पहारा देणारा एक आणि त्याला जाब विचारणारा दुसरा, हेच महत्त्वाचं.

रेल्वेत मला हेच दिसत नाही. मी रोज मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलने जाते. आमच्या स्टेशनच्या पुलाखाली मेटल डिटेक्टरची चौकट आहे. ती सतत वाजते, पण शेजारच्या खुर्चीवर बहुतेक वेळा कुणीच नसतं. ११ जुलै २००६ ला याच पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले होते, म्हणून ती रिकामी खुर्ची बघून जीव धास्तावतो. अपघातांच्या चौकशीसाठी रेल्वे सुरक्षा आयुक्त असतात आणि ते मुद्दाम रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेत. मग घातपात रोखण्याच्या व्यवस्थेची तपासणीही अशीच बाहेरच्या कुणीतरी का करू नये? लोकलमध्ये प्रत्येकाची बॅग तपासता येणार नाही, हे मलाही कळतं. निदान त्या खुर्चीवर माणूस आहे की नाही, हे तरी कुणीतरी न सांगता येऊन बघावं.